भांड्याबाहेरचा पाऊस

नाशिकचा पाऊस घाटापलीकडून येतो. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. जून ते सप्टेंबर तिकडची वाफ इगतपुरी-त्र्यंबकचे डोंगर चढते. गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडायचे, होळकर पुलाखाली नदीची पातळी कुठवर जाणार, तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागणार की गळ्याला, हे सगळं त्या चढणीवर ठरतं. ज्या समुद्रावर एवढं अवलंबून, त्या समुद्रावर स्वतः किती पाऊस पडतो हे मात्र १९७० च्या दशकापर्यंत कोणालाच धड सांगता येत नव्हतं. पृथ्वीवर पडणाऱ्या एकूण पावसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा समुद्रावर पडतो. म्हणजे पावसाचा हिशोब मांडताना आपण इतकी वर्षं वहीची बहुतेक पानं कोरीच ठेवली होती.

पुढचं बोलणं एका मामाचं आणि त्याच्या भाचीचं. मामा जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले. दिंडोरी रस्त्यावरचा मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा परिसर त्यांच्या पायाखालचा, आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासण्यात त्यांची बरीच नोकरी गेली. भाची पुण्यात उपग्रहांनी मोजलेल्या पावसावर संशोधन करते. दोघंही पावसाबद्दल अतिशय गंभीर आहेत, म्हणून वाद होतो. दोघांचंही खरं, असं म्हणून मी बाजूला होणार नाही. माझा कल कुठे आहे ते मधूनमधून सांगेनच.

मामा: सरळ विचारतो. पाऊस म्हणजे काय? ठरावीक तोंडाच्या भांड्यात चोवीस तासांत जेवढं पाणी साचलं, तेवढा. सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतायचं, नजर पाण्याच्या रेषेत आणायची, आकडा लिहायचा. तुझा उपग्रह चारशे किलोमीटरवरून जातो, त्याला एक थेंब लागत नाही. मग त्यानं मोजलं काय?

भाची: पाऊस नाही मोजला, मामा. खालून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजल्या. जमीन, पाणी, ढगातले थेंब, प्रत्येक गोष्ट आपापल्या तापमानाप्रमाणे अशा लहरी सोडत असते. अँटेना त्या पकडते आणि आकडा येतो तो केल्विनमध्ये. त्याचे मिलिमीटर करायचे ते नंतर, गणितानं.

मामा: म्हणजे अंदाजच.

भाची: तुमच्या भांड्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर. त्यात २०० घन सेंटिमीटर पाणी आलं की तुम्ही १० मिलिमीटर लिहिता. इथवर मोजमाप. पण तोच आकडा तुम्ही अख्ख्या गावाला, महसूल मंडळाला लावता, तिथून तुमचाही अंदाजच सुरू होतो. जगात नियमित आकडे देणाऱ्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं एकाला एक जोडली, तर फुटबॉलचं अर्धं मैदानसुद्धा भरत नाही. सगळ्या पृथ्वीवर मिळून एवढीच जागा आपण खरोखर मोजतो.

मामा: पण ते अर्धं मैदान पक्कं आहे. तिथल्या आकड्यावर मी सही करू शकतो. समुद्रातल्या आकड्यावर सही कोण करणार? आणि भांडं तिथेही ठेवता येईलच की. जहाजं एवढी फिरतात, लावा प्रत्येकावर एक.

भाची: लावून पाहिलीयत. जहाजाच्या अंगावर वारा आदळतो आणि वर उसळतो, त्याबरोबर थेंब भांड्याच्या तोंडावरून उडून जातात. उलट लाटांचे तुषार भांड्यात येतात. जहाज डोलतं, तोंड आडवं राहत नाही. शिवाय कुठलाही कप्तान वादळ दिसलं की वाट बदलतो. म्हणजे जिथे पाऊस जास्त तिथे जहाजच नाही.

मामा: बेटं?

भाची: बेटावर डोंगर असला की तो स्वतःचा पाऊस पाडतो, दुपारी जमीन तापली की स्वतःचे ढग उभे करतो. प्रशांत महासागरातली सपाट प्रवाळबेटं त्यातल्या त्यात बरी. तिथल्या पर्जन्यमापकांना आमच्या कामात फार मान आहे. हिंद महासागरात नांगरून ठेवलेले बॉय आहेत, रामा नावाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातले, त्यांच्यावर पर्जन्यमापक असतात. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात आपल्या देशाचेही बॉय आहेत. आणि एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. काही ठिकाणी पाण्याखाली यंत्र सोडून पाऊस ऐकतात.

मामा: ऐकतात?

भाची: हो. बारीक थेंब समुद्रावर पडला की पाण्याखाली हवेचा एक बुडबुडा अडकतो आणि तो कंप पावतो, सेकंदाला साधारण पंधरा हजार वेळा. मोठ्या थेंबांचा आवाज वेगळ्या पट्ट्यात पसरतो. त्यावरून पाऊस हलका की जोरदार हे कळतं. वाऱ्यानं थेंब भांड्यावरून उडून जाण्याचा तिथे त्रास नाही.

इथे मामा थोडा वेळ गप्प बसले. ज्या माणसानं आयुष्यभर भांड्यावरच्या वाऱ्याची चिंता केली, त्याला वाऱ्याचा त्रास नसलेला पर्जन्यमापक ही काय चीज आहे ते बरोबर कळतं.

मामा: बरं. पण असे बॉय किती असणार, आणि समुद्र केवढा. तुमचा सगळा भार शेवटी त्या केल्विनवरच.

भाची: तेच सांगते. जमीन सूक्ष्मलहरींमध्ये उजळ दिसते, कारण आपल्या तापमानाच्या मानानं ती जवळजवळ पूर्ण उत्सर्जन करते. समुद्राचं पाणी त्या मानानं निम्मंच करतं, म्हणून वरून पाहिलं की तो थंड, काळा दिसतो. त्याच्यावर पाऊस पडत असला की थेंब उजळ दिसतात. काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेलं वाचावं तसं. जमीन ही पांढरी भिंत. तिच्यावर खडूचं अक्षर उठत नाही.

मामा: म्हणजे समुद्रावर तुम्हाला थेंब दिसतात, नि जमिनीवर दिसतच नाहीत?

भाची: जमिनीवर थेंबांची खूण हरवते. मग आम्ही ढगाच्या वरच्या भागातला बर्फ पाहतो. ८९ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बर्फाचे कण खालून येणाऱ्या लहरी विखरून टाकतात, त्यामुळे वर कमी पोचतं. बर्फ जास्त तर खाली पाऊस जास्त, असा तर्क.

मामा: थांब. त्र्यंबकला जुलैत जी झड लागते, तिच्यात बर्फ कुठला? ढग डोंगराला घासत असतात. वीज नाही, गडगडाट नाही, नुसती दिवसरात्र संततधार.

भाची: तिथेच आम्ही कमी पडतो. घाटातले ते ढग बुटके, त्यांचा माथा बर्फ होण्याइतका उंच जात नाही. थेंबावर थेंब आदळून पाऊस वाढतो. उपग्रहाला वर बर्फ दिसत नाही, तो पाऊस कमी धरतो. पश्चिम घाटात उपग्रहांचे आकडे कमी येतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली, ती हे घाटातले ढग आणि त्यांचे थेंब समजून घ्यायलाच.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. ज्या समुद्रावर तपासायला माणूस जात नाही, तिथे उपग्रहाचं वाचन भौतिकदृष्ट्या जास्त सरळ आहे, आणि ज्या त्र्यंबकला मामांसारखा माणूस रोज जाऊन भांडं बघू शकतो, तिथेच उपग्रह चुकतो. ज्या गोष्टीला आपण हात लावू शकतो ती जास्त नीट मोजली जाते, हा आपला समज इथे टिकत नाही. नाशिक जिल्हा त्यासाठी विलक्षण जागा आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे ५०० च्या आसपास. एवढा फरक एका जिल्ह्याच्या रुंदीत. उपग्रहाच्या नकाशावरचा एक चौकोन ११ किलोमीटर लांब-रुंद. घाटमाथा आणि पायथा त्यात एकत्र मिसळून जातात.

मामा: हे कधीपासून जमायला लागलं?

भाची: १९७२ च्या डिसेंबरात अमेरिकेचा निंबस-५ गेला. त्याच्यावर दीड सेंटिमीटर तरंगलांबीचा सूक्ष्मलहरी मापक होता. समुद्रावरच्या पावसाचे पहिले नकाशे त्यातून निघाले. आणि आपणही फार मागे नव्हतो. ७ जून १९७९ ला भास्कर-१ सोव्हिएत रॉकेटवरून गेला. त्याच्यावर अहमदाबादला घडवलेला ‘समीर’ होता, १९ आणि २२ गिगाहर्ट्‌झवर समुद्रावरची वाफ आणि ढगांतलं पाणी पाहणारा. आर्यभटानंतरचा आपला दुसराच उपग्रह, आणि तो समुद्राकडे बघत होता.

मामा: त्याच वर्षी मोनेक्स झालं. मोसमी वाऱ्यांचा अभ्यास, जहाजं, विमानं, सगळं. आमच्या खात्यात तेव्हा त्याची चर्चा असायची.

भाची: मग २००२ मध्ये आर्मेक्स, फक्त अरबी समुद्रासाठी. कोकण किनाऱ्याजवळ समुद्रावरच एवढा जोरदार पाऊस का पडतो हे पाहायला सागर कन्या जहाज गेलं होतं.

मामा: आणि नेमका त्याच वर्षी जुलै कोरडा गेला. देशात सरासरीच्या निम्मा पाऊस. मला तो जुलै चांगला आठवतो. धरणाच्या पातळीचा आकडा रोज तोच लिहायचा.

भाची: हो ना. पण जमिनीवरून फक्त एवढंच दिसलं की पाऊस आला नाही. समुद्रावर ढग कुठे उभे राहत होते, कुठे नाही, हे तेव्हा ट्रम पाहत होता.

ट्रम हा जपान आणि अमेरिकेचा उपग्रह, २७ नोव्हेंबर १९९७ ला सोडलेला. अवकाशातून पावसावर रडार रोखणारा पहिला. तोवरचे मापक खालून जे येईल ते घ्यायचे. ट्रमनं स्वतः लहर सोडली आणि थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी दर २५० मीटर उंचीला नोंदवला. तीन वर्षांसाठी पाठवलेला हा उपग्रह सतरा वर्षं चालला. २०१४ च्या फेब्रुवारीत त्याची जागा घ्यायला जीपीएम गेला. त्याच्यावर एकाऐवजी दोन रडार आहेत, १३.६ आणि ३५.५ गिगाहर्ट्‌झचे, आणि कक्षा ६५ अंशांपर्यंत जाते. मामांना रडारबद्दल शंका नव्हती. त्यांची शंका होती ती तपासणीची, आणि ती मला अगदी योग्य वाटली.

मामा: रडारची लहर मुसळधार पावसातून जाताना क्षीण होते. मग खालच्या पावसाचा आकडा कमीच येणार. जमिनीवर मी म्हणेन, भांडं बघा आणि दुरुस्त करा. समुद्रावर काय करता?

भाची: समुद्रच बघतो. लहर पावसातून जाऊन समुद्राच्या पृष्ठभागावर आपटते आणि परत येते. पाऊस नसताना ते परतणं किती जोरदार असतं हे माहीत असतं. पावसात ते जितकं कमी झालं, तितकी लहर वाटेत खर्ची पडली. त्यावरून आकडा दुरुस्त होतो. हीच युक्ती जमिनीवर डळमळते, कारण शेत, डोंगर, घरं, प्रत्येकाचं परतणं वेगळं. समुद्राचं त्या मानानं एकसारखं.

मामा: म्हणजे पुन्हा समुद्रच सोपा.

भाची: सोपा नाही, नीट वाचता येण्यासारखा. अडचणी तिथेही आहेत. ट्रमच्या रडारला अगदी हलका पाऊस दिसायचा नाही, तासाला अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा. २००६ मध्ये क्लाउडसॅट गेला, ९४ गिगाहर्ट्‌झवाला, तेव्हा कळलं की समुद्रावर किती ठिकाणी नुसती भुरभुर चालू असते, ती आमच्या हिशोबात नव्हती. आणि आजसुद्धा रडारचा आकडा आणि सूक्ष्मलहरी मापकाचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत.

मामा: मग ते छापता का? आकड्याशेजारी चूक किती ती छापता का?

भाची: छापतो. वाचणारे सोडून देतात.

मामा: ती सोडून देऊ नका म्हणून सांगायचं काम तुमचं आहे.

या वाक्यावर भाचीनं मान हलवली. मामांची ही मागणी मला फार मोलाची वाटते. टीव्हीवर लाल-जांभळा नकाशा झळकतो, त्यातला कुठला भाग सूक्ष्मलहरींनी पाहिलाय आणि कुठला फक्त ढगाच्या माथ्याच्या तापमानावरून धरलाय, हे कोणी सांगत नाही. भूस्थिर इन्सॅट आपल्या डोक्यावर कायम असतो, पण तो अवरक्त किरणांत पाहतो, आणि त्याला दिसतो तो ढगाचा वरचा पृष्ठभाग. या तंत्राचा जुना नियम अगदी साधा: माथा उणे ३८ अंशांपेक्षा थंड असला तर खाली तासाला ३ मिलिमीटर धरा. मोठ्या क्षेत्रावर, महिन्याच्या सरासरीला तो उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर बऱ्यापैकी चालतो. एका तासाला, एका गावाला तो लावणं धोक्याचं. सूक्ष्मलहरी ढगाच्या आत शिरतात, पण तसे उपग्रह खालच्या कक्षेत फिरतात आणि एका जागेवरून येऊन निघून जातात. दोन्हींची सांगड घालून आज अर्ध्या-अर्ध्या तासाचे जागतिक नकाशे निघतात, आणि त्यातले काही अर्धे तास सूक्ष्मलहरींनी पाहिलेले नसतात, मधले भरून काढलेले असतात.

भाची: उपग्रहांच्या दोन फेऱ्यांमधल्या खंडावर आपल्यासाठी खरा उपाय होता मेघा-ट्रॉपिक्स. इस्रो आणि फ्रान्सचा, १२ ऑक्टोबर २०११ ला श्रीहरिकोटाहून गेलेला. त्याची कक्षा विषुववृत्ताला फक्त २० अंशांनी कललेली. म्हणजे तो उत्तरेला २० अंशांपर्यंत यायचा आणि तिथून वळायचा. नाशिक कितीवर आहे, मामा?

मामा: वीस.

भाची: वीस. आपल्या अक्षांशावर तो वळायचा. ध्रुवावरून जाणारे उपग्रह एका जागी दिवसातून दोनदा येतात, हा त्या पट्ट्यात कितीतरी जास्त वेळा दिसायचा. त्याच्यावरचा मद्रास हा पाऊस पाहणारा मापक, १८.७ पासून १५७ गिगाहर्ट्‌झपर्यंत, समुद्रावरच्या थेंबांसाठी आणि वरच्या बर्फासाठी, दोन्हींसाठी.

मामा: आणि तो बंद पडला.

भाची: २०१३ च्या जानेवारीत. त्याची फिरणारी यंत्रणा थांबली. सवा वर्षसुद्धा धड मिळालं नाही. बाष्प मोजणारा साफिर मात्र पुढे अनेक वर्षं चालला, युरोपातल्या हवामान केंद्रांनीही त्याचे आकडे आपल्या अंदाजात घेतले. ७ मार्च २०२३ ला इस्रोनं तो उपग्रह नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर उतरवून जाळला.

मामा: त्यानंतर दुसरा मद्रास?

भाची: नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईओएस-०७ वर एक छोटा बाष्पमापक गेला. चीननं त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःचं पाऊस-रडार सोडलं. जीपीएम म्हातारा होत चाललाय, २०२३ मध्ये त्याची कक्षा उंच केली, आयुष्य वाढावं म्हणून. ज्या देशाचं पीकपाणी पावसावर, त्याला समुद्रावरचा पाऊस दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो, याचा मला राग येतो, मामा.

मलाही येतो. इथे मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. मामांनी मात्र प्रश्न नाशिकवर आणला.

मामा: राग ठीक आहे. पण निफाडच्या द्राक्षवाल्याला समुद्रावरच्या पावसाचं काय? त्याला त्याच्या बागेतला पाऊस हवा.

भाची: २०१९ आठवा. ऑक्टोबरच्या शेवटी क्यार, लगेच नोव्हेंबरात महा. दोन्ही चक्रीवादळं अरबी समुद्रातच विरली, आपल्या किनाऱ्याला लागली नाहीत. आणि त्या दिवसांतल्या अवकाळीनं नाशिकच्या बागांचं काय केलं?

मामा: छाटणी होऊन बागा फुटव्यावर, फुलोऱ्यावर होत्या. डाऊनी रोग पसरला, घड कुजले. गावंच्या गावं बसली.

भाची: चक्रीवादळाला ताकद कुठून मिळते? वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेवढ्या वाफेचं पाणी झालं की साधारण ०.७ युनिट विजेइतकी उष्णता हवेत जाते. समुद्रावर लाखो चौरस किलोमीटरवर, दिवसाला पन्नास-शंभर मिलिमीटर. समुद्रावरचा पाऊस मोजला म्हणजे हवेचं इंजिन किती जोरात चाललंय ते मोजलं. हे ज्याला माहीत नाही ते प्रारूप पुढच्या चार दिवसांचं सांगताना आंधळं असतं.

मामा: आणि सांगितलं तरी बाग वाचली का?

भाची: बाग झाकता येत नाही. फवारणी आज घ्यायची की पावसानंतर, छाटणी आठ दिवस पुढे ढकलायची का, एवढंच हातात येतं. सगळं वाचतं असं मी म्हणणार नाही.

मामा: हे बरोबर बोललीस. आता माझी खरी भीती सांगतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. ती मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर. एका मंडळाचा पसारा सरासरी दीडशे चौरस किलोमीटर, केंद्र एक. शेतकरी आत्ताच भांडतो, पाऊस माझ्या शिवारात पडला आणि केंद्र पलीकडच्या गावात. उद्या कोणी म्हणालं, केंद्रांची देखभाल महाग पडते, उपग्रह आहेच, तर? त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा. जिथे तुमचा उपग्रह कमी धरतो, तिथलाच माणूस मदतीतून सुटेल.

भाची: तसं कोणी केलं तर त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी येईन. घाटातल्या एका दिवसाच्या, एका मंडळाच्या पावसासाठी उपग्रहाचा आकडा एकटा वापरू नये, हे आमच्याच क्षेत्रातलं ज्ञान आहे. आणि तुमचं भांडं गेलं तर आमचं जमिनीवरचं गणितही गेलं. नंतरचे सुधारित आकडे जमिनीवर पर्जन्यमापकांशी जुळवूनच निघतात.

मामा: म्हणजे भांडं तुम्हालाच जास्त हवं.

भाची: तुमच्याहूनही जास्त.

मामा: मग सांग, समुद्रात एकच नवा पर्जन्यमापक लावायला मिळाला, तर कुठे लावशील?

भाची: रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर. मोसमातला जोरदार पाऊस तिथे समुद्रावरच पडतो. मुंबई आणि गोव्याची रडार त्या बाजूला पाहतात, वरून उपग्रह जातात. बॉयवर भांडं, पाण्याखाली ऐकणारं यंत्र. चौघांचे आकडे एका जागी. आणि तुम्ही? दहा मिळाले तर?

मामा: एकही शहरात नाही. अंजनेरीच्या पायथ्याला एक, माथ्यावर एक, मधल्या चढावर दोन. बाकीचे कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत घाटाच्या उतारावर, वेगवेगळ्या उंचीला. सगळे स्वयंचलित, दर पंधरा मिनिटांना आकडा देणारे. आणि प्रत्येकाशेजारी एक साधं भांडंसुद्धा, साडेआठला वाचायला.

भाची: ते वाचायला माणूस?

मामा: त्याचा पगार आधी मंजूर करून घ्यायचा, यंत्रं नंतर.